माझ्या ओट्यावरची ओटी

मिल्टन कीन्सच्या आमच्या घरात स्वयंपाकाचा ओटा म्हणजे सिंक आणि गॅस यांच्यामधली जेमतेम जागा. एका कोपऱ्यात मिक्सर, दुसऱ्यात किटली आणि टोस्टर, मध्ये पोळपाट मावला तर मावला. इंग्रज लोक घर बांधताना स्वयंपाक हा शनिवारी करायचा छंद आहे असं धरून चालतात की काय, कोण जाणे. त्या जेमतेम ओट्यावर त्या वर्षी हाफ-टर्मची सुट्टी संपल्यावर इजिप्तचा एक राजा येऊन बसला आणि हलायलाच तयार होईना. मी पोळ्या इस्त्रीच्या टेबलावर लाटल्या. ज्यांनी हा प्रयोग केलेला नाही त्यांना सांगते, ते टेबल प्रत्येक लाटण्याबरोबर डुलतं आणि पोळीचा नकाशा होतो.

राजाला आणलं माझ्या सासऱ्यांनी. सासरे साताऱ्याचे. सगळी नोकरी सरकारी बांधकाम खात्यात झालेली. मोऱ्या, शाळाखोल्या, विश्रामगृहं हे त्यांचं कर्तृत्व. सासूबाई गेल्यावर ते साताऱ्यात एकटेच राहत होते, म्हणून माझ्या नवऱ्याने आग्रह करकरून त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आणलं. आणलं आणि स्वतः दर सोमवारी मँचेस्टरला क्लायंटकडे पळायला लागला. तो उगवायचा शुक्रवारी, मळलेल्या शर्टांची बॅग घेऊन. मधले दिवस घरात आम्ही तिघं: मी, सासरे आणि आमची आठ वर्षांची लेक.

आणि त्या तिघांतले दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

हे कसं झालं ते सांगते, कारण माझ्या सगळ्या वैतागाचं मूळ तिथे आहे. लेक इथे आली तेव्हा दीड वर्षाची होती. तिचं मराठी घरातलं, माझ्याकडून उचललेलं. शब्द सगळे यायचे, पण कोण 'तो', कोण 'ती' आणि कोण 'ते' याचा तिला पत्ता नसायचा. खुर्ची तुटला, भात सांडली, आजी आला. आम्हाला त्याची इतकी सवय झालेली की ऐकूही यायचं नाही. सासरे ऑक्टोबरमध्ये आले आणि त्यांना फक्त तेवढंच ऐकू यायला लागलं. सुरुवातीला ती त्यांच्या अवतीभोवती नाचायची, शाळेतलं सांगायची. ती एक वाक्य बोलायची आणि ते त्या वाक्याची डागडुजी करायचे. नोव्हेंबरात एकदा तिने आपणहून त्यांच्यासाठी कप हातात धरून, जपून जपून, जिभेचं टोक बाहेर काढून चहा नेला आणि म्हणाली, "आजोबा, तुझी चहा थंड होते."

"तुझी नाही, तुमचा," सासरे म्हणाले. "चहा पुल्लिंगी. थंड होते नाही, थंड होतोय. बोल बरं परत."

ती परत बोलली. परत चुकली. त्यांनी परत बोलायला लावलं. तोवर चहा खरोखरच थंड झाला. तिने कप टेबलावर ठेवला, वर निघून गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून आजोबांशी बोलणं बंद. भांडण नाही, रुसवा नाही, रडणं नाही. फक्त बंद. काही सांगायचं असलं तर मला इंग्रजीत सांगायची. "आई, टेल हिम टी'ज रेडी." आजोबा समोर बसलेले, त्यांना इंग्रजी उत्तम येतं, पण तेही तसलेच. "तिला सांग, येतो म्हणावं." मी मधल्यामध्ये टपाल खातं. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि घरी येऊन ही हमाली करायची.

ऑफिसातून येताना एकदा मी त्यांना गाडीतून पाहिलं. सासरे तिला शाळेतून आणायला जायचे. रेडवेच्या लाल वाटेवरून दोघं येत होते, ती पुढे, हे मागे, मध्ये आणखी एखादं माणूस चालेल एवढी जागा. मला राउंडअबाउटवर वळायचं होतं, मागचा माणूस हॉर्न वाजवत होता, आणि माझे डोळे भरून आलेले. इतका राग आला दोघांचा!

जानेवारीत सासऱ्यांनी जेवताना शांतपणे सांगून टाकलं, "एप्रिलच्या आत निघतोच आहे. पुन्हा काही येत नाही मी. इथे मला बोलायला कोण आहे?"

ते 'कोण' समोर बसून फिश फिंगर खात होतं. तिने मान वर केली नाही, पण तिला कळलं होतं. आमच्या मनात होतं की त्यांनी दर वर्षी यावं, पुढेमागे कायमचंच राहावं. साताऱ्यात एकट्याने आजारीबिजारी पडले तर बघणार कोण? आणि हे सगळं अडलं होतं एका पुल्लिंगी चहापाशी. आजोबा विमानात बसायच्या आत या दोघांनी एकदा धड बोलावं, एवढंच मला हवं होतं. देवाजवळ मागावं इतकं काही ते मोठं नव्हतं, तरी मी मागत होते.

मार्च लागता लागता शाळेने मुलांना इजिप्त शिकवायला घेतलं. एका शुक्रवारी दुपारी शाळेत इजिप्तचा दिवस होणार होता, पालकांनी बघायला यायचं होतं आणि प्रत्येक मुलाने घरून काहीतरी बनवून आणायचं होतं. लेक घरी आल्या आल्या म्हणाली, "आई, टेल आजोबा आय नीड अ पिरॅमिड."

मी चमकले. मला नको होता पिरॅमिड, मी खोक्याला सोनेरी रंग मारून मोकळी झाले असते. पण तिने आजोबांचं नाव घेतलं होतं. सासऱ्यांनी पेपर खाली केला. इतक्या महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी पाहिलं नव्हतं.

"तिला सांग, करू," ते म्हणाले. "पण नीट करू."

या 'नीट'ने माझा घात केला. दुसऱ्या दिवशी ते लायब्ररीत गेले आणि जाडजूड पुस्तकं घेऊन आले. मग मी भाजी चिरत असताना माझ्या पाठीमागे उभे राहून त्यांनी मला पिरॅमिडचा इतिहास सांगायला घेतला. मला म्हणजे नावाला मला. आवाज एवढा मोठा की दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसलेल्या लेकीला ऐकू जावा. तिनेही टीव्हीचा आवाज कमी केला होता, पण मान तिकडेच.

गोष्ट अशी की ते टोकदार, गुळगुळीत पिरॅमिड नंतरचे. पहिला पिरॅमिड पायऱ्यांचा, सक्काऱ्याच्या वाळवंटात. तो ज्या राजाचा, त्याचं नाव पुस्तकात एक, शाळेत दुसरं आणि सासऱ्यांच्या तोंडी तिसरंच. त्यावर वाद नको म्हणून आमच्या घरात तो नुसता 'राजा' झाला. त्याच्या आधीच्या राजांना पुरायचे ते कच्च्या विटांच्या बुटक्या, चपट्या बांधकामाखाली. त्याला तिकडचे लोक मस्तबा म्हणतात. अरबीत मस्तबा म्हणजे घराबाहेर बसायचा कट्टा.

"म्हणजे आपला ओटा!" सासरे ओरडले. "कळलं का? सगळ्याची सुरुवात ओट्यापासून आहे."

"कळलं," मी म्हटलं. "जरा सरकता का, मला ओट्यावरचा मिसळणाचा डबा हवा आहे."

या राजाच्या बांधकाम करणाऱ्याने पहिल्यांदाच दगडात काम घेतलं. आधी एक चौकोनी ओटा बांधला. तो लहान वाटला म्हणून चहूबाजूंनी वाढवला. परत एकीकडून वाढवला. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की याच्यावर लहान होत जाणारे आणखी ओटे चढवावेत. चार चढवले. तरी समाधान होईना, म्हणून सगळंच आणखी मोठं करून सहा केले. सासरे सांगताना हाताने थर रचत होते. खात्यात असा माणूस असता तर त्याची बिलं कोणी पास केली नसती, असंही म्हणाले, पण आवाजात कौतुक होतं.

आता हे सगळं बनवायचं कशाचं? बाकीच्या मुलांच्या घरी पुठ्ठा होता. आमच्याकडे साताऱ्याचा माणूस. साताऱ्याच्या माणसाने लहानपणी दिवाळीत किल्ले केलेले असतात आणि त्याला माती सोडून दुसरं काही सुचत नाही. सासऱ्यांनी मागच्या गार्डनमधून बादली भरून माती आणली. मार्चमधली ती चिकण, गार, गोगलगायींनी भरलेली माती त्यांनी माझ्या ओट्यावर ओतली, कारण गॅरेजमध्ये थंडी वाजते. माती बांधून राहीना, तेव्हा त्यांनी तिच्यात माझी कणीक मिसळली. लंडनला ईलिंगच्या बाजूला कोणाकडे गेलं की गाडीत टाकून आणायची ती कणीक! मी ऑफिसातून आले तर डबा निम्मा रिकामा.

"बाबा, ही पोळ्यांची कणीक आहे हो."

"बाइंडर लागतो," सासरे म्हणाले.

मी डब्याचं झाकण लावून टाकलं, कारण ओट्याच्या दुसऱ्या बाजूला स्टुलावर माझी लेक उभी होती, कोपरापर्यंत मातीत. दोघं बोलत नव्हते. पण एकाच परातीत हात घालून माती मळत होते. तळाचा थर झाला. तिने तो दोन्ही तळव्यांनी थोपटला, मागे सरून पाहिला आणि त्या सगळ्या हिवाळ्यात पहिल्यांदा, आजोबांकडे बघून, मराठीत म्हणाली, "झाली ओटी."



"ओटा," सासरे म्हणाले. "ओटी नव्हे. ओटी बायकांची भरतात."

स्टूल रिकामं झालं. नळाचा आवाज, जिन्यावर पावलं, दार. संपलं.

मग माझी सहनशक्ती संपली. मी सासऱ्यांपुढे कधी आवाज चढवला नव्हता, तो चढला. "बाबा, ओटीच म्हणतात! आमच्या चिपळुणात घरासमोर असते तिला ओटीच म्हणतात. ओटी, पडवी, माजघर. तिने तो शब्द माझ्याकडून घेतलाय. मी तिला सांगत असते ना, आम्ही ओटीवर झोपायचो, ओटीवर आमसुलं वाळायची."

"ते कोकणात," सासरे म्हणाले.

"मग कोकण काय महाराष्ट्राबाहेर आहे?"

"पण स्वयंपाकाला ओटाच म्हणतात."

"बाबा, राजा काय स्वयंपाक करत होता का तिथे?"

सासरे परातीकडे वळले. माती पुन्हा दाबायला लागले. पुस्तकातल्या मापाने पाया चौरस नसून लांबट हवा होता म्हणे. त्यांनी तळाचा थर मोडला आणि परत घातला. लेक खाली येऊन बघते तो तिने थोपटलेलं काही शिल्लकच नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पोळी उलटायला वळले, काय करणार!

पण तिने पिरॅमिड सोडला नाही. आजोबा दुपारी डुलकी घेत तेव्हा ती त्यांची पुस्तकं उघडून बसायची हे मला नंतर कळलं. आणि आजोबा तिच्यासमोर काम करायचे थांबले नाहीत. दोघं न बोलता थर चढवत गेले. शनिवारी नवराही सामील झाला. आठवडाभर घरात नसलेल्या माणसाला शनिवारी उत्साह फार. त्याने पिरॅमिड पाहिला, त्याला स्वतःचे किल्ले आठवले, आणि कोणाला न विचारता त्याने माझ्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी त्या सगळ्या पायऱ्यांवर पेरून वर पाणी शिंपडलं.

"वाळवंट आहे ते!" मी किंचाळले.

"अगं, हिरवळ छान दिसते," तो म्हणाला, आणि सोमवारी मँचेस्टरला निघून गेला.

ओटा रेडिएटरच्या डोक्यावर. इजिप्तमध्ये काय ऊब असेल अशी ऊब. बुधवारपर्यंत मोहरी तरारून वर आली. सक्काऱ्याच्या वाळवंटावर हिरवंगार लॉन, आणि मुळांनी माती फोडून पायऱ्यांना भेगा. सासऱ्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि त्यांच्यातला बांधकाम खात्याचा अधिकारी जागा झाला. तडे गेलेलं काम त्यांनी आयुष्यात कधी पास केलं नव्हतं. लेक शाळेत, मी ऑफिसात. त्यांनी खुरपं घेतलं आणि पिरॅमिड वरून खाली उतरवायला लागले. मोडलेली माती कचऱ्याच्या पेडल बिनमध्ये.

मी त्या दिवशी लवकर निघाले होते, म्हणून लेकीला शाळेतून मीच आणलं. आम्ही स्वयंपाकघरात शिरलो तेव्हा सगळे वरचे थर गेले होते आणि तळाचा थर एका बाजूने फुटलेला होता. फुटलेल्या जागी आत काहीतरी निळं चमकत होतं. बिनमध्येही, मातीत, निळे तुकडे.

ते दुधाच्या बाटल्यांच्या निळ्या बुचांचे तुकडे होते. राजाच्या पिरॅमिडखाली जमिनीच्या पोटात खोल्या आहेत आणि त्यांच्या भिंतींना निळ्या फरशा लावलेल्या आहेत, असं त्या पुस्तकात चित्र होतं. तिने ते पाहून कात्रीने बुचं कापून, कोणालाच न सांगता, तळाच्या थराच्या आत भिंती केल्या होत्या. मग वरून माती लावून बंद केलं होतं. कोणाला दिसणार नव्हतं. राजाला दिसलं म्हणजे झालं.

ती बिनमध्ये बघत उभी राहिली. बॅग अजून पाठीवर. मग वळली आणि थेट आजोबांसमोर जाऊन ओरडली.

"आजोबा, तू सगळी तोडतो! माझा टाइल्स तू बिनमध्ये टाकला! राजाने नाही तोडली! त्याची पहिला ओटी छोटा होता, राँग होता, तरी त्याने तोडली नाही. त्याच्यावर दुसरी ठेवली. मग अजून ठेवली. तू सांगितली ना आईला! पहिली ओटी अजून आतमध्ये आहे! इट्स स्टिल देअर!"

एका दमात. एवढं मराठी ती वर्षभरात एकत्र बोलली नसेल. त्यात धड असं काहीच नव्हतं. 'तू' होतं, नर मादी होती, मादी नर होती, आणि प्रत्येक अक्षर खरं होतं. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्या पाठीमागे उभं राहून ते जे जे ओरडत होते ते टीव्हीकडे तोंड करून तिने शब्दन् शब्द ऐकलं होतं.

सासऱ्यांचे ओठ हलले. मला दिसलं. ती त्यांची जुनी हालचाल, दुरुस्तीच्या आधीची. माझ्या हातात गाडीची किल्ली होती, ती मी इतकी घट्ट धरली की तळव्यात वळ उठला. आता जर हे 'तू नाही तुम्ही' म्हणाले, तर मी यांना आजच्या आज विमानात बसवते, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्यांनी ओठ मिटले. खुरपं सिंकमध्ये ठेवलं. कोट घातला, कानटोपी घातली आणि बाहेर निघून गेले.

बाहेर पाऊस नव्हता पण वारा होता. मी खिडकीतून बघत होते, ते रेडवेवरून खाली शाळेच्या दिशेने गेले, वळले, परत गेले. लेक बिनमधून तुकडे वेचून नळाखाली धूत बसली. मी चहा टाकला, कारण दुसरं काय करावं हे सुचेना. डोकं नुसतं ठणकत होतं. एका घरात दोन हट्टी माणसं असली की तिसऱ्याचं आयुष्य चहा टाकण्यात जातं.

ते परत आले तेव्हा नाक लाल झालं होतं. टोपी न काढताच ते ओट्यापाशी आले आणि त्या फुटक्या थराकडे बघत, माझ्याशी नाही, तिच्याशी, म्हणाले, "दुसरी ओटी कुठून चढवायची?"

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी तोंड फिरवलं. या वेळी टपाल खातं बंद होतं.

"इकडून," ती म्हणाली. "इथे मोठी कर. इथे तुटला ना, म्हणून."

"बरं," सासरे म्हणाले.

ते दोघं रात्रीच्या जेवणापर्यंत तिथेच होते. फुटकी बाजू तशीच ठेवून तिच्या भोवती माती लिंपली, निळे तुकडे परत आत गेले, आणि वर थर चढत गेले. ती बोलत होती, अखंड. शाळेतलं, मैत्रिणींचं, कोणाच्या तरी हॅमस्टरचं. सगळं नपुंसकलिंगी किंवा भलत्याच लिंगी. सासरे हूं हूं करत होते. मध्येच एखाद्या शब्दाला त्यांचा खांदा उडायचा, डास चावल्यासारखा, पण तोंडातून अवाक्षर नाही. मी इस्त्रीच्या टेबलावर वाकड्या पोळ्या लाटत होते आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला दोघांचा राग येत नव्हता. थोडा येत होता. डब्यातली कणीक संपली होती.

शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली. एकजात सोनेरी, टोकदार, सरळ कडांचे पिरॅमिड, एक साखरेच्या चौकोनी खड्यांचा, आणि टॉयलेट रोल गुंडाळलेली एक बाहुली. त्यात आमचा. तपकिरी, एकीकडे फुगलेला, पायऱ्या खालीवर, आणि कितीही उपटली तरी एका अंगाला पुन्हा उगवलेली मोहरी. लेकीचा चेहरा पडला. मला वाटलं, हिला आता रडू येणार, आणि सासऱ्यांना ते दिसणार. नवरा त्या दिवशी मँचेस्टरहून थेट शाळेतच आला होता, तो मोहरीकडे बघून खूश होता. त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं.

तिची टीचर आली, मोहरीवर वाकली आणि इंग्रज सँडविचात घालतात त्या पाल्याचं नाव घेऊन म्हणाली, "ऊ, इज दॅट क्रेस?"

"नो," लेक म्हणाली. मग एकदम ताठ झाली. "धिस इज द फर्स्ट वन. बिफोर धिस नोबडी न्यू हाऊ." आणि तिने सगळं सांगितलं. ओट्यापासून. चुकलेला पाया कोणी काढून टाकला नाही, वाढवत गेले, आणि म्हणून पिरॅमिड झाला. टोकदार झाला तो पुढे, या राजानंतर. बाजूची मुलंही ऐकायला आली.

"अँड व्हॉट डू यू कॉल दीज लेअर्स?" टीचरने विचारलं.

"ओटी," लेक म्हणाली.

टीचरला चिठ्ठीवर लिहून मॉडेलपाशी लावायचं होतं. हाऊ डू यू स्पेल दॅट? लेकीने आजोबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. पुस्तकातला शब्द मस्तबा, साताऱ्याचा शब्द ओटा, आणि सासरे हातरुमालाची घडी उलगडत, परत घालत उभे.

ते पुढे झाले. "ओ, टी, आय," त्यांनी खात्यातल्या जुन्या इंग्रजीत सांगितलं. "इट इज अ मराठी वर्ड, मॅडम. फ्रॉम कोकण."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघत होते, कारण डोळे गळायला लागले असते तर शोभा झाली असती.

मॉडेल घरी परत आलं. अर्थातच माझ्या ओट्यावर. टाकून देऊ का, असं मी नुसतं म्हटलं तर दोघं एकदम "नाही!" म्हणाले. एका आवाजात, एका भाषेत. कणकेच्या वासाने मुंग्या आल्या, मग त्यांना घालवायला पावडर आली, मग पावडरीमुळे पोळपाट पुन्हा इस्त्रीच्या टेबलावर. राजा आज इतकी वर्षं आमच्या गॅरेजमध्ये आहे आणि गाडी बाहेर पावसात.

सासरे ठरल्या दिवशी निघाले. आम्ही सगळे हीथ्रोला गेलो. पासपोर्ट, गोळ्या, चष्मा, सगळं मी पुन्हा पुन्हा विचारलं आणि त्यांनी पुन्हा पुन्हा आहे म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षीचं कोणी काही बोलत नव्हतं. नवरा ट्रॉली लावायला गेला. सिक्युरिटीच्या रांगेपाशी लेकीने त्यांचा कोट धरला.

"आजोबा," ती म्हणाली, "तू परत आली पाहिजे."

"येईन की," सासरे म्हणाले. लगेच, न थांबता. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रांगेत शिरले.

आम्ही हात हलवत उभ्या. ते चार माणसं पुढे गेले, थांबले, आणि उलटे वळून, लोकांना सॉरी सॉरी म्हणत, बॅगेसकट परत आले. मला वाटलं, विसरले! एवढं विचारून शेवटी काहीतरी विसरलेच. त्यांनी मला खुणेने बाजूला बोलावलं, लेक कुठे आहे ते पाहून घेतलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले,

"आली पाहिजे नव्हे गं, आलं पाहिजे. पण तिला सांगू नकोस."